शिसं लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून…

कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीत वापरलेल्या वाळूतून बिडाचे कण काढायचे, तर लोहचुंबक फिरवला की भागतं. समुद्राच्या पाण्यातलं शिसं किंवा पारा असा निघत नाही. त्यांना चुंबकाचं आकर्षण नाही आणि ते पाण्यात विरघळलेले असतात. मग त्यांना आधी कशात तरी अडकवायचं आणि तो अडकवणारा पदार्थच चुंबकाने ओढून घ्यायचा, ही युक्ती निघाली.

अडकवण्याची कला जुनी. तापवला की बुडबुडे सोडणारा दगड पाहून स्वीडनचा खनिजतज्ज्ञ क्रॉनस्टेड याने १७५६ मध्ये त्याला झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड', असं नाव दिलं. ही सच्छिद्र खनिजं दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांतही भरपूर सापडतात. पण पाण्यातले धातू काढण्याची निकड भासली ती जपानमधल्या मिनामाता गावामुळे. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांतून माणसांत उतरला. १९५६ मध्ये या पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. (समुद्र गगनबावड्याच्या घाटाखाली असला तरी त्याची मासळी आमच्या ताटात येतेच.)

समुद्राची खरी अडचण मीठ. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि नको असलेला धातू मायक्रोग्रॅममध्ये. साध्या गाळणीतल्या धातू अडकवण्याच्या जागा सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमच बळकावतात. १९९७ मध्ये अमेरिकेत सिलिकाच्या (वाळूतल्या मुख्य पदार्थाच्या) छिद्रांच्या भिंतींवर गंधकयुक्त रेणू बसवले गेले. पाऱ्याची गंधकाशी गट्टी, सोडियमला त्याचं सोयरसुतक नाही. धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून विणलेल्या जाळ्याही त्याच दशकात पुढे आल्या. त्यांनाच २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चुंबकाचं टोक उशिरा जुळलं. इतके बारीक कण ओढायला प्रचंड चुंबक लागेल, असा समज होता. २००६ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात सुमारे १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण साध्या चुंबकाने पाण्याबाहेर आले, आर्सेनिक घेऊन. मॅग्नेटाइट हे फेराइटच, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइड, आणि फेराइटवर शिवाजी विद्यापीठातही बरीच वर्षं काम चालत आलंय.

पकडलेला धातू सोडवायला मात्र आम्लाने धुवावं लागतं आणि आम्लात मॅग्नेटाइटच विरघळतं. म्हणून कणांवर सिलिकाचं कवच चढवतात. त्याने कण टिकतो, पण ओढ थोडी कमी होते.