कानाने पाहणारा मुलगा

कुमारवाचकांसाठीच्या साहसकादंबऱ्यांत पाच-सहा पोरांची टोळी असते, प्रत्येकाकडे एकेक महाशक्ती असते, आणि त्यांतल्या एकाला हमखास मिट्ट काळोखातही सगळं कळतं. ही शक्ती मिळते कशी, तर प्रयोगशाळेत स्फोट होतो किंवा अंगावर वीज पडते. मला या गोष्टी मनापासून आवडतात. पण या एका शक्तीसाठी स्फोटाची काही गरज नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या बेन अंडरवुडकडे ती खरोखर होती. दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे तिसऱ्या वर्षीच त्याचे दोन्ही डोळे काढावे लागले. तरीही तो स्केटिंग करायचा, बास्केटबॉल खेळायचा. जीभ टाळूवर आपटून टक् टक् आवाज काढत जायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भिंत, खांब, उभी मोटार ओळखायचा. २००९ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याच कर्करोगाने तो गेला.

इथे शाळेतलं विज्ञान पक्कं असलेला वाचक अडेल. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायचा तर तो मूळ आवाजानंतर किमान ०.१ सेकंदाने यावा लागतो, म्हणजे अडथळा सुमारे १७ मीटर दूर हवा, असं आपण शिकलो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. एक मीटरवरच्या खांबावरून प्रतिध्वनी परततो जेमतेम ६ मिलिसेकंदांत. मग बेनला तो ऐकू कसा यायचा?

पुस्तकातला नियम दोन आवाज सुटे ऐकू येण्यापुरता आहे. जवळचा प्रतिध्वनी सुटा ऐकू येत नाही, पण तो मूळ आवाजाचा पोत बदलून टाकतो. हे आत्ताच करून पाहा. तोंडाने 'श्श्श' असा लांब आवाज काढत राहा आणि उघडा तळहात हळूहळू तोंडाजवळ आणा. आवाज वर चढल्यासारखा वाटेल. हात १० सेंटिमीटरवर असताना परतणारी लाट ढोबळमानाने २० सेंटिमीटर जास्त प्रवास करते. ज्या लाटांची लांबी या अंतरात पूर्ण पटीत बसते, म्हणजे साधारण १७१५ हर्ट्‌झ, ३४३० हर्ट्‌झ वगैरे, त्या मूळ लाटांशी जुळून जोर धरतात. त्यांच्या अधल्यामधल्या लाटा उलट्या पडून दबतात. हात ५ सेंटिमीटरवर आणला की जोर धरणारी पहिली वारंवारता थेट ३४३० हर्ट्‌झवर जाते. कान हा बदल टिपतो आणि आपल्याला तो स्वराच्या चढासारखा जाणवतो.

जिभेचा टक् मात्र जेमतेम ३ मिलिसेकंद टिकतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या आतले प्रतिध्वनीच त्यावर पडतात. त्यापलीकडचे टक् संपल्यावर येतात. ते मात्र मेंदू दाबतो. खोलीच्या चार भिंतींवरून परतणारे आवाज सुटेसुटे ऐकू आले असते तर कोण कुठून बोलतंय हे कळलंच नसतं, म्हणून मेंदू आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो. सरावलेला माणूस या दाबलेल्या अंशाकडे लक्ष द्यायला शिकतो. उजव्या कानात प्रतिध्वनी जोरात आला तर वस्तू उजवीकडे. त्यातला तीक्ष्णपणा हरवला असेल तर समोर पडद्यासारखं काही मऊ. टक्‌चा मुख्य जोर २ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये असतो. ३ किलोहर्ट्‌झची लाट ११ सेंटिमीटरांहून थोडी लांब भरते, म्हणून बारीक वस्तू तिच्या हाती फारशा लागत नाहीत. वटवाघळाची ५० किलोहर्ट्‌झची लाट ७ मिलिमीटरांची, म्हणून त्याला उडता किडा सापडतो.

२०११ मध्ये लोर थेलर, स्टीफन आर्नॉट आणि मेल्विन गुडेल यांनी ही विद्या येणाऱ्या दोन अंध व्यक्तींना त्यांच्याच टक्‌ची ध्वनिमुद्रणं ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. एका मुद्रणात प्रतिध्वनी होता, दुसऱ्यातून तो काढलेला. श्रवणाच्या भागात फरक दिसला नाही. फरक दिसला दृष्टीच्या भागात!

आपल्याकडे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळे बांधून मुलांना वाचायला लावतात आणि पालकांकडून हजारो रुपये घेतात. मध्यमस्तिष्क प्रत्येक मुलात जन्मापासून चालूच असतं. पट्टी आणि नाक यांमधल्या फटीतून खाली दिसतं. फट नीट बुजवली की वाचन थांबतं. बेनलाही छापील पान वाचता आलं नसतं, कारण शाईचं अक्षर आणि कोरा कागद यांवरून आवाज सारखाच परततो. ज्या मुलांना आपण टाळ्या मिळवण्यासाठी खोटं बोलायला शिकवतो, त्यांचं मला फार वाईट वाटतं.

खरी विद्या शिकता येते. थेलर यांच्याच गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ अंध आणि १४ डोळस माणसांना दहा आठवडे शिकवलं. सर्वांत लहान २१ वर्षांचा, सर्वांत मोठा ७९ वर्षांचा. वयाची अडचण आली नाही. आपल्या अंधशाळांत हे शिकवायला यंत्र लागत नाही, जाणता शिक्षक लागतो. पण त्यासाठी पांढरी काठी सोडायची नाही. ही विद्या जगभर शिकवणारे डॅनियल किश स्वतः काठी घेऊनच चालतात, कारण पायाखालचा खड्डा आणि उतरती पायरी प्रतिध्वनीत नीट कळत नाही.