स्टू गेला, पीटला घालवलं

बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांच्यात आधी आणखी एक जण होता ना? बिचारा!" आता हा बिचारा कोण? तारुण्यात वारला तो, की काढून टाकला तो? ही दोन वेगळी माणसं आहेत. 'पाचवा बीटल' हे बिरुद दोघांनाही चिकटलंय, तिथून घोळ सुरू होतो.

स्टुअर्ट सटक्लिफ मुळात चित्रकार. लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजातला, बीटल्सच्या जॉन लेननचा जिवलग. वॉकर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात त्याचं चित्र ६५ पौंडांना गेलं, हातात पैसे आले, आणि मित्रांनी गळ घालून त्याला बास गिटार घ्यायला लावली. वाजवण्यात तो बेताचाच होता. १९६१ मध्ये त्यानं आपणहून बँड सोडला आणि अ‍ॅस्ट्रिड किर्शहेर या प्रेयसीसाठी, चित्रकलेसाठी जर्मनीत, बँड तेव्हा वाजवत होता त्या हॅम्बुर्गलाच राहिला. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. वय २१.

पीट बेस्ट ड्रमर. जन्म १९४१ चा, आपल्या मद्रासचा. त्याच्यापेक्षा त्याची आई मोनाच मला जास्त आवडते. १९५४ च्या डर्बीत तिनं दागिने गहाण ठेवून ३३ ला १ भावाच्या घोड्यावर पैसे लावले, घोडा जिंकला आणि त्या पैशांतून पुढे मोठं घर आलं, असं घरचे सांगतात. त्याच घराच्या तळघरात तिनं १९५९ मध्ये 'कॅस्बा' क्लब काढला आणि ही पोरं तिथं वाजवू लागली. ऑगस्ट १९६० मध्ये हॅम्बुर्गचं काम मिळालं, ड्रमर नव्हता, पीटला घेतलं. बरोबर दोन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९६२ रोजी, मॅनेजर ब्रायन एपस्टाइननं बोलावून 'तू नकोस' म्हणून सांगितलं. जूनमध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड निर्माते जॉर्ज मार्टिनना त्याचे ड्रम पसंत पडले नव्हते, हे खरं. पण नुसता तालाचाच प्रश्न असता तर उरलेल्या तिघांपैकी एकानं तरी तोंड दाखवलं असतं.

म्हणजे ऑगस्ट १९६० नंतर काही महिने दोघंही एकाच बँडमध्ये होते, आणि नेमके त्याच काळातले फोटो सगळीकडे फिरतात. ओळखायचं कसं? केस बघा. अ‍ॅस्ट्रिडनं स्टूचे केस कापून कपाळावर पुढे आणले. पीटनं आपला कोंबडा शेवटपर्यंत सोडला नाही. हातात बास असेल तर गिटारीची मान बघा. स्टू उजव्या हातानं वाजवायचा, त्यामुळे मान आपल्याला उजवीकडे दिसते. डावीकडे असेल तर तो बीटल्सचा डावखुरा पॉल मॅकार्टनी. (फोटो उलटा छापलेला नसेल तर! कोटाची बटणं तपासून घ्यावीत.)

रेकॉर्डिंगचा निकाल आणखी सोपा. १९६० च्या वसंतात पॉलच्या घरी टेपवर घेतलेल्या गाण्यांत स्टूचा बास आहे, ड्रम नाहीतच. जून १९६१ मध्ये गायक टोनी शेरिडनबरोबर हॅम्बुर्गला जे रेकॉर्ड झालं त्यात ड्रमवर पीट, बासवर मात्र पॉल. स्टू तोवर बाजूला झाला होता.

नंतरचा हिशेबही वेगळाच. स्टूला १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या बीटल्सच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर मानानं जागा मिळाली. पीट लिव्हरपूलमध्ये वीसेक वर्षं सरकारी नोकरी करत राहिला. १९९५ च्या 'अँथॉलॉजी १' या बीटल्सच्या संग्रहात त्याची जुनी रेकॉर्डिंग्ज आली, त्याचे चांगले पैसेही मिळाले. मुखपृष्ठावर मात्र जुन्या फोटोतला त्याचा चेहरा फाडलेला, आणि त्या भोकातून त्याच्या जागी आलेला ड्रमर रिंगो दिसतोय. २००८ मध्ये पीटच्या बँडनं स्वतःचा अल्बम काढला, तेव्हा तो फाटका तुकडा त्यानं त्याच्या मुखपृष्ठावर छापला.