आधी अंदाज बांधा, मग एंटर दाबा

प्रवेशाचे दिवस आले की पुण्यात चौकाचौकांत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे फलक लागतात. अलीकडे त्यांवर पडदेच पडदे असतात. स्मार्ट क्लासरूम, डिजिटल लॅब, एआयच्या मदतीने शिक्षण. वर्गात पडदा आला की शिकवणं आपोआप सुधारतं, असा समज त्यामागे आहे आणि तो पालकांच्या मनात पक्का बसलाय. मी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. माझ्या मते कुठल्याही साधनाला एकच प्रश्न विचारावा: उत्तर दिसण्याआधी मुलाला स्वतःचं उत्तर ठरवायला हे साधन भाग पाडतं का?

प्रोग्रामिंग पहिल्यांदा शिकताना मुलं अडखळतात, आणि ती जगभर अडखळतात. बेनेडसन आणि कास्परसन या डॅनिश संशोधकांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांकडून आकडे मागवले, तेव्हा प्रोग्रामिंगच्या पहिल्या विषयात सरासरी ३३ टक्के मुलं पास होत नव्हती. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा हे प्रमाण २८ टक्के निघालं. मधल्या बारा वर्षांत व्हिडिओ आले, ऑनलाइन कोर्स आले, स्मार्टफोन आले. तेव्हा नाशिकहून किंवा नगरहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जड गेली, तर त्याने आपल्या माध्यमाला दोष देऊ नये.

ती नेमकी कुठे जड जाते, हे तीन ओळींत दाखवता येतं. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरमध्ये आली, तेव्हापासून व्हेरिएबलची, म्हणजे कोडमध्ये माहिती ज्या नावाने ओळखायची त्याची, नावं देवनागरीत लिहिता येतात. (आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच लागतात.) त्यामुळे हे कोड जसंच्या तसं चालतं:

यादी = ["कांदे", "बटाटे"]
दुसरी = यादी
दुसरी += ["मिरची"]

आता नुसतं «यादी» टाइप करून एंटर दाबलं तर काय दिसेल? कांदे-बटाटे, की कांदे-बटाटे-मिरची? पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा.

दिसतं ते कांदे, बटाटे, मिरची. मिरची टाकली «दुसरी»मध्ये आणि आली «यादी»तही. वर्गात हा प्रश्न टाकला की बरीच मुलं पहिला पर्याय निवडतात, आणि त्यांचं तसं वाटणं अगदी रास्त आहे. व्हेरिएबल म्हणजे डबा असं त्यांना शिकवलेलं असतं. «दुसरी = यादी» म्हणजे एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतलं, असं ती धरून चालतात. सी भाषेत साध्या आकड्यांच्या बाबतीत हे चित्र खरंही आहे. पायथनमध्ये ते लागू पडत नाही.

पायथन बरोबरच्या चिन्हाची उजवी बाजू आधी सोडवतो. पहिल्या ओळीत मेमरीमध्ये दोन घटकांची एक लिस्ट तयार होते आणि मग «यादी» हे नाव तिला चिकटतं. दुसऱ्या ओळीत उजवीकडे नवं काहीच बनत नाही. आहे त्याच लिस्टला आणखी एक नाव मिळतं. घरी बाळ्या आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण, पण मुलगा एकच. बाळ्याचे केस कापले की बाळकृष्णाचेही कापले जातात.

खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. तिच्या जागी हे लिहा:

दुसरी = दुसरी + ["मिरची"]

आता «यादी»त मिरची येत नाही. शाळेच्या गणिताने पाहिलं तर दोन्ही ओळींचा अर्थ एकच असायला हवा. पण नुसता अधिक दोन लिस्ट जोडून तिसरी, नवी लिस्ट बनवतो आणि बरोबरचं चिन्ह «दुसरी» हे नाव उचलून त्या नव्या लिस्टला लावतं. जुनी लिस्ट «यादी»कडे जशी होती तशी राहते. अधिक-बरोबर (+=) मात्र आहे त्या लिस्टलाच लांबवतो. पायथनचा रोजच्या वापरातला अवतार, म्हणजे सीपायथन, प्रत्येक वस्तूकडे किती नावं बोट दाखवतायत याची मोजदाद ठेवतो. पहिल्या ओळीनंतर आपल्या लिस्टची मोजदाद १, दुसरीनंतर २. अधिक-बरोबर केलं तर ती २ च राहते. नुसता अधिक केला तर जुन्या लिस्टची मोजदाद पुन्हा १ होते. ती शून्यावर आली की सीपायथन ती वस्तू मोडून मेमरी मोकळी करतो.

आणखी एक पायरी खाली उतरू. अधिक-बरोबर ही एका चिन्हात दडलेली दोन कामं आहेत: आधी वस्तूला «जागच्या जागी वाढ» म्हणून सांगायचं, मग जे हाती येईल ते त्याच नावाला पुन्हा चिकटवायचं. स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, जागच्या जागी वाढता येत नाही, म्हणून तिथे नवी स्ट्रिंग बनते आणि पहिल्या नावाखालचा मजकूर तसाच राहतो. पायथनमध्ये टपल नावाचा एक प्रकार असतो. त्यात एकदा ठेवलेली वस्तू बदलून दुसरी ठेवता येत नाही. अशा टपलमध्ये एक लिस्ट ठेवा आणि टपलमधल्या त्या घटकावरच अधिक-बरोबर चालवा. पायथन एरर देतो, आणि तरीही लिस्ट वाढलेली असते! पहिलं काम बिनबोभाट पार पडतं आणि दुसऱ्यावर टपल हरकत घेतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किती तरी वेळ त्याच्याशी खेळत बसलो होतो. भाषेचं पोट उघडून आतली चाकं दिसावीत तसं ते आहे.

ही आतली चाकं मुलाला दिसत नाहीत, सगळी अडचण तिथेच आहे. संशोधक बेनेडिक्ट द्यु बुले यांनी १९८६ मध्ये मांडलं की प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या मनात यंत्राचं एक चित्र असावं लागतं: कुठली ओळ चालली की आत काय बदलतं, याचं. त्याला ते «नोशनल मशीन» म्हणतात. हे चित्र पडद्यावर काढून दाखवणारं एक साधन आहे, पायथन ट्यूटर. फिलिप ग्वो यांनी ते २०१० मध्ये बनवलं. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कोड टाकायचं आणि एकेक ओळ पुढे सरकवायची. डावीकडे नावं, उजवीकडे वस्तू आणि मध्ये बाण. «दुसरी = यादी» ही ओळ चालली की दुसरा बाण निघतो आणि त्याच लिस्टवर जाऊन टेकतो. फळ्यावर खडूने हे तासभर समजावता येतं, पण तो बाण निघताना बघणं वेगळंच.

तरी नुसतं बघून भागत नाही. बाण बघितला, मान डोलावली, झालं, असं होतं. म्हणून बाण निघण्याआधी मुलाने सांगायचं की तो कुठे जाईल. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९१ पासून हीच गोष्ट पद्धत म्हणून रुजवली. तिचं नाव पीअर इन्स्ट्रक्शन. पडद्यावर प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली की शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत. उत्तर सगळ्यात शेवटी. मत नोंदवायचे महागडे क्लिकर लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेले चार रंगीत कागद पुरतात.

यावर शिक्षकांचा नेहमीचा आक्षेप असा की दोघांनाही येत नसेल तर आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होईल. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं गेलं आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला, तेव्हा ज्या गटांत आधी कुणालाच उत्तर येत नव्हतं त्यांतही सुधारणा दिसली. कॉम्प्युटरच्या विषयांत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार कोर्सेसची तुलना २०१३ मध्ये छापून आली. या पद्धतीने शिकवल्यावर नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं होतं.

इतका स्वस्त आणि पारखलेला उपाय हाताशी असताना पुण्यात पालक भलतीकडेच हजारो रुपये मोजतात. बोटांचे ठसे घेऊन मूल «बघून शिकणारं» की «ऐकून शिकणारं» हे सांगणाऱ्या चाचण्या इथे राजरोस विकल्या जातात. ठसे आईच्या पोटातच ठरून जातात आणि शिकण्याशी त्यांचा संबंध असल्याचा कसलाही पुरावा नाही. मुळात शिकण्याच्या अशा «शैली» ओळखून त्यानुसार शिकवलं तर जास्त समजतं, यालाच पुरेसा आधार नसल्याचं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे अभ्यास चाळून दाखवलं. ठशांवरून शाखा निवडणं आणि कुंडलीवरून निवडणं यात मला फरक दिसत नाही.

वर्गातला वेळ वादाला द्यायचा तर माहिती सांगायचं काम बाहेर जायला हवं, आणि त्याची सोय आता आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही मिळतात. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, अर्ध्या खिडकीत तो आणि अर्ध्या खिडकीत स्वतः करून बघायचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात. कॉट बेसिसवर राहून संध्याकाळी काम करणाऱ्या मुलाला ही लवचिकता फार मोलाची आहे. मात्र व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून शेवटची क्विझ ग्रुपवरच्या उत्तरांनी सोडवली, तर सर्टिफिकेट मिळतं आणि डोक्यातला डबा तसाच राहतो.

एआयचंही तसंच. वरच्या तीन ओळी चॅटबॉटला दिल्या तर तो क्षणात उत्तर देतो आणि समजावतोही छान. पण ते आपल्या अंदाजाच्या आधी येतं. त्यालाच सांगा, «मला असेच पाच प्रश्न दे, उत्तर लगेच सांगू नकोस, आधी माझं ऐक», की त्याच साधनाचा रात्री अकरा वाजताही जागा असणारा शेजारी होतो.

आपल्याकडे हे सगळं अडतं ते सबमिशनच्या फाईलपाशी. रायटप, कोड, आउटपुटची प्रिंट, सरांची सही. एकाची फाईल हॉस्टेलभर फिरते आणि ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, लिस्टची व्याख्या विचारतात. त्या फाईलमध्ये एकच रकाना वाढवावा: प्रोग्रॅम चालवण्याआधी काय आउटपुट येईल असं वाटलं, ते हाताने लिहिलेलं. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत. चुकला असेल तर का चुकला, एवढंच खाली दोन ओळींत लिहायचं. आणि ओरलला एक्स्टर्नलनी कोडमधली एखादी ओळ बदलून विचारावं, आता काय येईल? कोड दुसऱ्याचं उतरवलेलं असलं तरी अंदाज ज्याचा त्यालाच करावा लागेल. यासाठी निधी, टेंडर, नवी लॅब यांपैकी काहीही लागत नाही, येत्या सत्रापासून सुरू करता येईल.