ओव्हरटाइम गणना (पगार सॉफ्टवेअर)

कामगाराच्या हजेरीतून जादा कामाचे तास आणि त्यांचे पैसे काढण्यासाठी पगार सॉफ्टवेअरमध्ये बसवलेल्या नियमांचा संच. सूत्र सोपे असते. चुका बहुधा नियम कोणत्या क्रमाने लागतात त्यात होतात. क्रम असा ठेवावा : पंचच्या (हजेरी यंत्रावरील आत-बाहेरच्या नोंदींच्या) जोड्या, शिफ्ट ओळखणे, कामाचा दिवस ठरवणे, जेवणाची सुटी वजा करणे, मग दैनिक व साप्ताहिक जादा तास, आणि शेवटी दर.

भारतातील जुनी चौकट कारखाने अधिनियम, १९४८ची. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन (कलम ५९). २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेत दुप्पट दर कायम आहे, पण दिवसाची मर्यादा ८ तास आहे. म्हणून ९ हा आकडा सूत्रात लिहू नये. ‘लागू दिनांक’ असलेल्या तक्त्यात ठेवावा. नाहीतर जुन्या महिन्याच्या पगाराचा फरक (थकबाकी) काढताना नवा नियम लागतो.

दैनिक आणि साप्ताहिक मर्यादा एकत्र चालवताना तास दोनदा मोजले जातात. समजा ९/४८च्या चौकटीत पाच दिवस ८ तास आणि एक दिवस ११ तास काम झाले. एकूण ५१ तास. दैनिक नियमाने २ आणि साप्ताहिक नियमाने ३ तास निघतात. दोन्हींची बेरीज करून ५ देणे चूक. आधी दैनिक २ तास बाजूला काढायचे, उरलेल्या ४९मधला १ साप्ताहिक जादा, म्हणजे एकूण ३. तोच कामगार एक दिवस गैरहजर राहिला आणि आठवडा ४३ तासांचा झाला, तरी ११ तासांच्या दिवसाचे २ तास द्यावेच लागतात. गैरहजेरी जादा तासांतून वळती करणारी सेटिंग बंद ठेवावी.

रात्रपाळी हे तक्रारींचे नेहमीचे ठिकाण. रात्री १० ते सकाळी ६ ची पाळी मध्यरात्री तुटली तर दोन अर्धवट दिवस दिसतात आणि ‘आउट पंच नाही’ असा शेरा पडतो. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७नुसार मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाचेच. त्यासाठी पंचची खिडकी (ज्या अवधीतले पंच एका दिवसाचे धरतात तो अवधी) पाळीशी बांधावी, तारखेशी नव्हे. सकाळी ६ नंतर चार तास थांबावे लागण्याची शक्यता असेल, तर खिडकी १० च्या पुढे उघडी हवी.

राउंडिंग (वेळ ठरावीक टप्प्यावर नेणे) प्रत्येक पंचवर करू नये. आत ९:०८, बाहेर संध्याकाळी ७:३८, सुटी अर्धा तास : काम १० तास, ९ तासांपुढे ६० मिनिटे जादा. पंधरा मिनिटांच्या टप्प्यांवर आतला पंच पुढे आणि बाहेरचा मागे नेला तर ते ९:१५ आणि ७:३० होतात आणि ४५ मिनिटेच उरतात. राउंडिंग करायचेच तर दिवसाच्या बेरजेवर.

कारखाने अधिनियमात दराचा पाया मूळ वेतन आणि भत्ते. बोनस व ओव्हरटाइम त्यात येत नाहीत. महिना २६ दिवस व ८ तासांचा धरला तर २०,८०० रुपयांना तासाला १०० आणि दुप्पट २०० रुपये. भाजक ३० ठेवला की हाच दर १७३ रुपये ३३ पैशांवर येतो. पगारपत्रकात ही तफावत सहज नजरेत येत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालते. संहितांच्या वेतनव्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनात धरतात. फक्त ‘बेसिक’वर बांधलेले सूत्र तिथेही कमी पडते. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता सहामाही बदलतो आणि त्याची अधिसूचना मागाहून आली तर फरक ओव्हरटाइमवरही काढावा लागतो. दर कामाच्या तारखेचा घ्यावा, पगाराच्या तारखेचा नव्हे.

तिमाही कमाल तासांची मर्यादा ओलांडल्यावर वरचे तास कापणारी सेटिंग अनेक प्रणालींत मिळते. ती वापरू नये. मर्यादा काम करवून घेण्यावर आहे. झालेल्या कामाचे पैसे तिने बुडत नाहीत. मर्यादा जवळ आली की पर्यवेक्षकाला आधीच इशारा जावा, एवढेच काम सॉफ्टवेअरला द्यावे. पूर्वमंजुरी नसलेल्या तासांचेही तसेच : ते ‘प्रलंबित’ दाखवावेत, शून्य करू नयेत.

नियम सुरू करण्यापूर्वी किमान एक पूर्ण महिना जुन्या हिशेबाशी समांतर चालवतात. त्यात रात्रपाळीतला महिनाअखेरचा दिवस, सुटीच्या दिवशीचे काम, मधेच बदललेली पाळी आणि दोन महिन्यांत विभागलेला आठवडा ही प्रकरणे मुद्दाम घालावीत. विभागलेल्या आठवड्याचे साप्ताहिक तास आठवडा पूर्ण झाल्यावर, म्हणजे पुढच्या महिन्यात चुकते होतात. तशी सोय नसेल, तर १ तारखेला बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि जादा तास गायब होतात.