बाँडचं क्रेडिट रेटिंग

बाँड, म्हणजे कर्जरोखा, काढणारी कंपनी किंवा सरकार व्याज आणि मुद्दल वेळेवर, पूर्ण देईल का यावर रेटिंग एजन्सीने अक्षरांत दिलेलं मत म्हणजे क्रेडिट रेटिंग. एस अँड पी आणि फिच या एजन्स्यांकडे सगळ्यात वर ट्रिपल ए, मग डबल ए, ए, ट्रिपल बी असं उतरत उतरत शेवटी डी, म्हणजे पैसे बुडाले किंवा थकलेच. मूडीज या तिसऱ्या एजन्सीची अक्षरं जरा वेगळी आहेत, तिथे डी नाही, सी ही शेवटची पायरी. वरून ट्रिपल बी मायनसपर्यंतचे (मायनस म्हणजे त्या ग्रेडमधली खालची बाजू) बाँड इन्व्हेस्टमेंट ग्रेड, म्हणजे त्यातल्या त्यात सुरक्षित, त्याखालचे हाय यील्ड, म्हणजे जास्त परतावा पण जास्त जोखीम, ज्यांना सर्रास जंक म्हणतात.

सुरुवात 1909 ची, जॉन मूडी यांनी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या बाँडना पुस्तकातून ग्रेड दिले तेव्हाची. तेव्हा हे पुस्तक गुंतवणूकदार विकत घ्यायचे. 1970 च्या दशकात उलटं झालं, बाँड काढणाराच रेटिंगची फी भरायला लागला, आणि ज्याला मार्क द्यायचे त्याच्याकडूनच फी घ्यायची हा पेच आजही सुटलेला नाही, त्यामुळे रेटिंग बघताना हे डोक्यात ठेवावंच लागतं.

एजन्सी बघते ते मुख्यतः कर्ज किती, रोख येते किती, पुढच्या वर्ष-दोन वर्षांत किती परतफेड डोक्यावर आहे आणि नफ्यातून व्याज कितीदा भरता येईल. समजा वर्षाला 300 कोटी ऑपरेटिंग नफा (व्याज भरण्याआधीचा, धंद्यातला) आणि 100 कोटी व्याज, तर कव्हर तिप्पट, पण मंदीत नफा 120 वर आला की श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. आणि रेटिंग कंपनीला वेगळं, बाँडला वेगळं असू शकतं: एकाच कंपनीचा तारण असलेला बाँड वरच्या ग्रेडचा आणि वसुलीत मागे उभा राहणारा सबऑर्डिनेटेड बाँड एक-दोन पायऱ्या खाली, हे बरेच जण बघतच नाहीत.

आता खरा उपयोग. रेटिंग म्हणजे टक्केवारी नाही, ती क्रमवारी आहे, पण एजन्स्या जुन्या डिफॉल्टचा, म्हणजे पैसे थकल्या-बुडाल्याचा, डेटा दरवर्षी छापतात आणि त्यात ट्रिपल ए दहा वर्षांतही क्वचितच बुडालेला दिसतो, तर ट्रिपल सी गटातले साधारण पाव भाग वर्षभरातच. समजा सरकारी बाँड 5 टक्के देतोय आणि कंपनीचा 8, म्हणजे स्प्रेड, दोघांतला फरक, 3 टक्के. त्या ग्रेडमध्ये वर्षाला 4 टक्के डिफॉल्ट होतात आणि बुडाल्यावर रुपयातले 40 पैसे परत मिळतात असं धरलं तर अपेक्षित तोटा 4 गुणिले 60 टक्के, म्हणजे 2.4 टक्के. जोखमीचा मोबदला हातात उरला फक्त 0.6. हा हिशोब न करता नुसता 8 टक्क्यांचा आकडा बघून बाँड घेणं मला फार धोक्याचं वाटतं.

रेटिंग उशिरा हलतं हा मोठा दोष. अमेरिकेतली ऊर्जा कंपनी एन्रॉन 2001 मध्ये दिवाळखोरीच्या जेमतेम चार दिवस आधीपर्यंत इन्व्हेस्टमेंट ग्रेड होती, आणि 2008 ला अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँक लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा तिचं रेटिंग ए गटात होतं. म्हणून अक्षराबरोबर आउटलुक (रेटिंग पुढे कुठे झुकेल याचा एजन्सीचा अंदाज) निगेटिव्ह आहे का, बाँड वॉचवर, म्हणजे रेटिंग लवकरच बदलू शकेल अशा यादीत, टाकलाय का आणि बाजारात स्प्रेड अचानक वाढतोय का हे बघायचं, कारण भाव बऱ्याचदा एजन्सीच्या आधी बोलतो. इन्व्हेस्टमेंट ग्रेडमधून जंकमध्ये घसरलेल्या बाँडला फॉलन एंजल म्हणतात. ज्या फंडांना नियमाने जंक ठेवता येत नाही ते विकायला काढतात आणि भाव आणखी पडतो, कंपनीने एकही हप्ता चुकवलेला नसला तरी.

व्याजदराची जोखीम आणि विकायला गिऱ्हाईक मिळेल का हे रेटिंगमध्ये येत नाही. 2022 मध्ये व्याजदर भराभर चढले तसे अमेरिकी सरकारच्या लांब मुदतीच्या बाँडचे भाव जोरात पडले, तेही वरच्या ग्रेडचे असताना.