गणिताचा प्रश्न वेगळा आणि ‘खरेदीची गरज नाही’ वेगळं

आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची बैठक होती. लकी ड्रॉचा विषय निघाला. पाच डॉलरला एक तिकीट, पहिलं बक्षीस टीव्ही. एका काकूंनी विचारलं, “अहो, पण हे कायद्यात बसतं ना?” लगेच उत्तर आलं, “त्यात काय! ज्याचा नंबर लागेल त्याला एक गणित घालू. इथे सगळे तेच करतात.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बैठक जेवणाच्या मेनूकडे वळली. मी ती परत मागे ओढली, कारण कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात राहायला आल्यापासून हे वाक्य मी दर सणाला ऐकतोय आणि ते साफ चुकीचं आहे.

गणिताचा प्रश्न काय असतो हे कॅनडात चार महिने काढलेल्याला सांगायला नको. टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीची, कपाची कड उलगडून बक्षीस बघायची स्पर्धा १९८६ मध्ये सुरू झाली. सीरियलच्या खोक्यावर, किराणा दुकानाच्या पावतीवर, बँकेच्या पत्रकात, सगळीकडे बारीक अक्षरात तेच लिहिलेलं असतं: निवडलेल्या व्यक्तीने गणिती कौशल्याच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं तरच बक्षीस. त्याच्याच शेजारी दुसरी ओळ असते, ‘नो पर्चेस नेसेसरी’, म्हणजे भाग घ्यायला काही विकत घ्यायची गरज नाही. या दोन ओळी कायम जोडीने दिसतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. कुणी म्हणतं, प्रश्न विचारला की पैसे घेतले तरी चालतात. कुणी म्हणतं, फुकट असलं की प्रश्न नको. दोन्ही चूक आहेत.

कॅनडाच्या क्रिमिनल कोडमधलं, म्हणजे फौजदारी संहितेतलं, कलम २०६ बघा. लॉटरीवरची ही बंदी १८९२ च्या मूळ संहितेपासून आहे आणि तिची भाषाही त्याच काळातली वाटते. या कलमाला बरीच पोटकलमं आहेत. आपल्या कामाची दोन टोकं.

पहिलं टोक म्हणजे निव्वळ नशीब. चिठ्ठी, खेळायचे पत्ते, तिकीट किंवा नशिबाच्या कुठल्याही प्रकाराने वस्तू वाटणं हा गुन्हा आहे. यातला ‘वाटणं’ हा शब्द सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. कायद्यात विकणं तर आहेच, पण ‘देणं’सुद्धा आहे. समोरच्याने पैसे दिलेच पाहिजेत अशी अट इथे नाही. म्हणजे तुम्ही एक पैसा न घेता, मोठ्या मनाने, टोपीतून चिठ्ठी काढून कुणाला टीव्ही दिलात, तरी तो व्यवहार या टोकात अडकू शकतो. यातून सुटायचा एकच मार्ग: निव्वळ नशीब उरू द्यायचं नाही, त्यात थोडं कौशल्य मिसळायचं. गणिताचा प्रश्न तेवढ्याचसाठी आहे. नाव चिठ्ठीने निघतं, पण बक्षीस डोकं चालवल्यावर मिळतं. म्हणूनच नियमावलीत आधी ‘विजेता’ असा शब्द नसतो, ‘निवडलेला स्पर्धक’ किंवा ‘संभाव्य विजेता’ असतो. उत्तर चुकलं तर दुसरी चिठ्ठी काढतात.

दुसरं टोक म्हणजे नशीब आणि कौशल्य यांची भेसळ. प्रश्न घातल्यावर तुमची सोडत पहिल्या टोकातून निघून नेमकी इथे येऊन पडते. इथे कायदा म्हणतो, अशा मिश्र खेळात स्पर्धकाने पैसे किंवा दुसरा काही मोबदला देऊन माल मिळवला, तर तो गुन्हा. आता गणित कितीही अवघड घाला, उपयोग नाही. मोबदला काढून टाकणं हाच उपाय, आणि ‘खरेदीची गरज नाही’ ही ओळ तेच काम करते.

म्हणजे प्रश्न नशिबाची अडचण सोडवतो आणि फुकट प्रवेश पैशाची. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. आमचा पाच डॉलरचा बेत पहिल्यातून सुटून दुसऱ्यात सापडला असता. तिकीट विकायचंच असेल तर वाट वेगळी आहे: ऑन्टारिओत धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठी रॅफलचं, म्हणजे तिकिटं विकून काढायच्या सोडतीचं, लायसन्स मिळतं, लहान बक्षिसांसाठी ते नगरपालिकाच देते. लायसन्स घेतलं की गणित लागतच नाही. लोट्टो ६/४९ चं तिकीट घेताना तुम्हाला कुणी गुणाकार विचारत नाही, त्याचंही कारण हेच. ती लॉटरी प्रांतांची आहे आणि कलम २०७ ने प्रांतांना सूट दिलेली आहे.

हा गोंधळ येतो कुठून, याचं माझ्या मते मोठं कारण अमेरिका. तिथे बेकायदा लॉटरी ठरायला बक्षीस, नशीब आणि मोबदला या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. मोबदला काढला की काम झालं. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने आणि मी एकाच खोक्यावरच्या एकाच स्पर्धेत भाग घेतला, तर गणित फक्त मला येणार. तो म्हणतो, फुकट असलं की पुरे. त्याच्या अंगणात ते बरोबर आहे, माझ्या नाही. आणि आपले अर्धे लोक अमेरिकेतून आलेलं ज्ञान इथे जसंच्या तसं वापरतात.

भारतातून आलेल्यांचा घोळ निराळा. आपल्याकडे शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई राज्य आणि आर. एम. डी. चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ मध्ये त्याचा निकाल लागला. तेव्हापासून आपल्याला सवय आहे ती विचारायची की, या खेळात कौशल्याचं पारडं जड आहे का? रमीवरचे सगळे वाद त्याच मापाने चालतात. मग माणसं म्हणतात, “सोळा गुणिले पाच हे कसलं कौशल्य? हे कोर्टात टिकणारच नाही.” टिकतं. कारण इथे कौशल्य जड ठरवायचं नसतंच. नशीब ‘निव्वळ’ राहिलेलं नाही एवढंच दाखवायचं असतं. मात्र दोन अधिक दोन विचारू नका. तीन-चार क्रिया असाव्यात, वेळेची मर्यादा असावी आणि कॅल्क्युलेटर किंवा शेजाऱ्याची मदत नसावी.

ऑन्टारिओतल्या एका जुन्या खटल्यात पुरेसा ठरलेला प्रश्न असा होता: २२८ ला २१ ने गुणा, १०,८२४ मिळवा, १२ ने भागा, १,१२१ वजा करा. क्रमाने गेलात तर ४,७८८, मग १५,६१२, मग १,३०१ आणि शेवटी १८०. हेच कंसांशिवाय एका ओळीत लिहिलं आणि शाळेतल्या नियमाने आधी भागाकार केला, तर उत्तर ४,५६९ येतं. दोन्ही पूर्ण संख्या, त्यामुळे चूक झाल्याची शंकासुद्धा येत नाही. म्हणून आयोजकांना माझा आग्रह असतो: छापणार असाल तर कंस द्या, तोंडी विचारणार असाल तर “आणि मग” असं म्हणत एकेक पायरी सांगा. कंस न देता लोकांना अडकवणं मला बिलकूल पटत नाही. माणसाचं बक्षीस त्यावर अवलंबून असतं.

निबंधाबद्दल थोडक्यात. काही स्पर्धांत विकत न घेता भाग घ्यायचा तर ५० किंवा १०० शब्द हाताने लिहून पोस्टाने पाठवायला सांगतात. बरेच जण त्यालाच कौशल्याची परीक्षा समजून रात्रभर शब्द जुळवत बसतात. तो नुसता फुकट प्रवेशाचा दरवाजा आहे. गणित त्यांनाही नंतर सोडवावंच लागतं. आणि उलटही: तुम्ही पन्नास डॉलरचा माल घेऊन भाग घेतला म्हणून गणितातून सूट नाही.

इथे नवीन आलेल्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. भारतात बक्षिसावर ३० टक्के कर कापतात आणि गाडीसारखी वस्तू लागली तर ती ताब्यात देण्याआधी तो कर भरलेला असावा लागतो. त्यामुळे “तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी टॅक्स भरा” असा फोन आला की आपल्या माणसाला ते खरं वाटतं. कॅनडात अशा सोडतीच्या बक्षिसावर साधारणपणे आयकर लागत नाही. खरा आयोजक गणित विचारतो, सही घ्यायला फॉर्म पाठवतो. तो कर किंवा ‘प्रोसेसिंग फी’ मागत नाही. पैसे मागितले की फोन ठेवून द्या, मग ते गणित विचारून झाल्यावर मागितलेले असोत की आधी.

आमच्या बैठकीत पुढे काय झालं ते सांगतो, कारण खरा अडथळा तिथेच आला. तिकीट विकायचं नाही हे सगळ्यांना पटलं. लगेच एकाने सुचवलं, “मग कार्यक्रमाच्या वीस डॉलरच्या तिकिटाबरोबर कूपन फुकट देऊ.” याला फुकट म्हणत नाहीत. वीस डॉलर दिल्याशिवाय कूपन हातात पडत नसेल, तर ते वीस डॉलर हाच मोबदला. शेवटी असं ठरलं की कूपनं ठेवायची, पण कार्यक्रमाला येवो न येवो, नाव आणि फोन नंबर ईमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी त्याच डब्यात पडेल, आणि हे पत्रकावर कूपनाच्या ओळीइतक्याच मोठ्या अक्षरात छापायचं. अक्षराच्या आकारावरून मी अर्धा तास भांडलो. ते भांडण मी पुन्हाही करीन.

टीव्हीची चिठ्ठी निघाली ती ईमेलने आलेली. त्या बाई कार्यक्रमाला आल्याच नव्हत्या, रात्रपाळीला होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला आणि पाच मिनिटांची वेळ सांगितली. सोळा गुणिले पाच, आणि त्यातून बारा भागिले चार वजा करा. पलीकडून कागदाचा आवाज आला, त्या किराणाच्या पावतीच्या मागे लिहीत होत्या. मागून त्यांचा मुलगा काहीतरी बोलायला लागला, तसं त्यांनी त्याला गप्प केलं. “ऐंशी… वजा तीन… सत्त्याहत्तर,” त्या म्हणाल्या, आणि विचारलं की टीव्ही न्यायला संध्याकाळी सहानंतर आलं तर चालेल का.