पार्श्वभूमी : पुण्याचे चिमणी नसलेले वीजकेंद्र

शहराला वीज कमी पडली तर पर्यायी वीज आणायची कुठून, या प्रश्नाला पुण्याने 2006 मध्ये दिलेले उत्तर देशभर गाजले. ‘पुणे मॉडेल’ या नावाने ते आजही ओळखले जाते. त्याच्या आर्थिक बाजूवर भरपूर चर्चा झाली. त्यातून निघालेल्या धुराच्या हिशेबावर मात्र फारसे बोलले गेले नाही, आणि आज घरोघरच्या जनरेटरबद्दल बोलताना नेमकी तीच बाजू पाहायला हवी.

त्या वेळची परिस्थिती आठवा. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडलेला. नव्या वीजकेंद्रांची भर तुटपुंजी, मागणी मात्र वर्षागणिक चढती. जून 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या, पण कंपन्या वेगळ्या केल्याने वीज वाढत नाही. राज्याची कमाल मागणीच्या वेळची तूट चार हजार मेगावॉटच्या पुढे गेली. खेड्यांनी तर दिवसाचे कित्येक तास अंधारात काढले. भारनियमनाचे वेळापत्रक रोजच्या पेपरात छापून येई आणि गिरणीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळे ते पाहून दिवस आखत.

पुण्याच्या वाट्याची तूट होती सुमारे 90 मेगावॉट. शहराभोवतीच्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते, मुख्यतः डिझेलवर चालणारे, आणि लाइट असताना ते नुसते उभे असत. भारतीय उद्योग महासंघाने सुचवले की कमाल मागणीच्या तासांत कारखाने स्वतःचे जनरेटर चालवतील आणि त्यांच्या वाट्याची ग्रिडची वीज शहराला सोडतील. डिझेलची वीज ग्रिडपेक्षा कितीतरी महाग. तो फरक पुण्याच्या ग्राहकांनी ‘रिलायबिलिटी चार्ज’ म्हणून भरायचा, महिन्याला 300 युनिटांपर्यंत वापर असलेल्यांना त्यातून वगळायचे, असे ठरले. हिशेबाची बाजू पुण्याच्याच ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्थेच्या ऊर्जा गटाने तपासली, महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मंजुरी दिली आणि पुणे भारनियमनमुक्त झाले. ग्राहक, उद्योग आणि वीज कंपनी एका टेबलावर बसून प्रश्न सोडवतात, हे त्या काळात खरोखर मोठे काम होते.

आता हवेचा हिशेब. डिझेल जनरेटर एक युनिट विजेसाठी साधारण पाव लिटरहून थोडे जास्त डिझेल पितो. म्हणजे 90 मेगावॉट एक तास चालवायचे तर सुमारे 24 हजार लिटर. 2004 पासून लागू झालेल्या निकषांत 800 किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरला प्रति युनिट 9.2 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड आणि 0.3 ग्रॅम कणरूप प्रदूषणाची मुभा होती. ही मुभा पुरेपूर वापरली, असे धरले तर तासाला 800 किलोहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड आणि 27 किलो काजळी. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, कागदावरचा गुणाकार आहे. त्याआधीचे जनरेटर तर या निकषांच्या बाहेरच होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारनियमन झाले असते तर प्रत्येक दुकानासमोर फुटपाथवर छोटे जनरेटर लागले असते, आणि ते कारखान्यातल्या मोठ्या, नीट निगा राखलेल्या यंत्रांपेक्षा जास्त घाण करतात. त्यामुळे 2006 चा निर्णय चुकला, असे मी म्हणणार नाही. खटकते ते वेगळेच. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला केंद्राची पर्यावरण मंजुरीची नवी अधिसूचना निघाली. तिच्यानुसार 50 मेगावॉट किंवा त्याहून मोठे डिझेल वीजकेंद्र उभारायचे तर केंद्राची मंजुरी हवी, परिणामांचा अभ्यास हवा, जनसुनावणी हवी. एका आवारात एका चिमणीखाली 90 मेगावॉट उभे केले असते तर हे सगळे करावे लागले असते. तेच 90 मेगावॉट अनेक आवारांत विखुरले की ही मंजुरी लागत नाही. फुप्फुसांना मात्र धूर एका चिमणीतून आला की पन्नास नळकांड्यांतून, याने काही फरक पडत नाही.

आणि हे सगळे पुण्यात, जिथे या विषयाचे ज्ञान घरचेच आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून खडकीत, कमिन्स 1962 पासून कोथरूडला. इंजिनांच्या उत्सर्जनाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारी एआरएआय वेताळ टेकडीवर. हवेची गुणवत्ता मोजणारी ‘सफर’ यंत्रणा उभारणारी आयआयटीएम पाषाणला.

भारनियमन मागे पडले, जनरेटर मात्र वाढत गेले. हिंजवडी-खराडीची आयटी पार्क, रुग्णालये, मॉल, डेटा सेंटर आणि प्रत्येक उंच सोसायटी. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की दहा-पंधरा सेकंदांत पॅनल आपोआप डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू करतो. सोसायटीतल्या डीजीची खरी अडचण त्याच्या धुराच्या नळीत असते. नियम सोपा आहे: जनरेटर जितक्या केव्हीएचा (केव्हीए हे त्याच्या क्षमतेचे माप), त्या आकड्याच्या वर्गमूळाला 0.2 ने गुणा. इमारतीच्या उंचीवर तितके मीटर नळी जायला हवी. 400 केव्हीएला चार मीटर. बारा मजल्यांची इमारत असेल तर नळी बारा मजले चढून वर आणखी चार मीटर. आपल्या आवारात जाऊन बघा. कित्येक ठिकाणी ती पार्किंगच्या भिंतीबाहेर येऊन पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली संपते, आणि खिडकीच्या चौकटीवर काळा थर बसलेला असतो. त्यात आठवड्याला ‘टेस्टिंग’ म्हणून डीजी विनालोड चालवतात. लोड नसला की इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि काजळी वाढते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे.

पुण्याचा हिवाळा यात भर घालतो. टेकड्यांमधल्या या खोलगट शहरात थंडीच्या रात्री गार हवा तळाशी बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि धूर वर जात नाही. 9 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे दाट धुके आणि दवामुळे महापारेषणच्या 400 केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला. असे धुके पडते तेव्हा वारा जवळपास पडलेला असतो. म्हणजे ज्या हवेत वाहिन्या बंद पडतात, त्याच हवेत डीजीचा धूर सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो.

निकष कडक होत गेले, हे खरे. 2014 च्या टप्प्यात मोठ्या जनरेटरसाठी कणरूप प्रदूषण 0.2 ग्रॅमवर आले. 1 जुलै 2023 पासूनच्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘सीपीसीबी फोर प्लस’ निकषांत 56 ते 560 किलोवॉटच्या यंत्रांसाठी ते 0.02 वर आणले, दहापट कमी. डिझेलमधले गंधकही 2006 मधल्या 350 पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख भागांत 350 भाग) 2020 मध्ये 10 पीपीएमवर आले. पण हे निकष नव्या यंत्रांना लागतात. सोसायटीतला डीजी वर्षाला मोजके तास चालतो, म्हणून वीस-वीस वर्षे बदलला जात नाही, आणि नेमके जुनेच सगळीकडे उभे आहेत.

प्रत्येक डीजीच्या पॅनलवर तो किती तास चालला हे दाखवणारे मीटर असते. महापालिकेने प्रभागवार ते आकडे, यंत्राचे वय आणि नळीची उंची नोंदवून जाहीर केली, तर पुण्याचे हे विखुरलेले वीजकेंद्र किती मेगावॉटचे आहे, ते शहराला पहिल्यांदाच कळेल. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरत्या लोडला गॅसवरचा जनरेटर किंवा बॅटरी कुठे पुरेल, हेही त्याच नोंदींवरून ठरवता येईल.